हसायचं नाही, रागवायचं नाही

"हसायचं नाही," पार्लरवालीने बजावलं. "रागवायचंही नाही. डोळे बारीक करायचे नाहीत, कपाळाला आठी घालायची नाही. सुरकुती एकदा बसली की उठायचं नाव घेत नाही, ताई. आणि मीठ बंद. डोळ्यांखाली सूज येते ती त्यानेच."

"मग करायचं तरी काय?" छत्रीबाईंनी विचारलं.

"काही नाही. हे क्रीम लावायचं आणि चेहरा भिंतीसारखा ठेवायचा."

छत्रीबाई हे काही त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हे. बसस्थानकात हरवल्या-सापडल्या वस्तूंच्या खिडकीमागे त्या बसत आणि माणसं सर्वांत जास्त छत्र्याच विसरतात, म्हणून हे नाव चिकटलं होतं. बाई मोठ्या बोलक्या आणि हसऱ्या. पण रविवारी लेकीच्या होऊ घातलेल्या सासरची माणसं पहिल्यांदाच घरी यायची होती. मुलगा लेकीनेच निवडलेला, आणि छत्रीबाईंना तो लेकीपेक्षा कणभर जास्तच आवडलेला. अडचण होती ती मुलाच्या आईची. ती शाळेत नाच शिकवायची आणि म्हणे अजून मुलाची बहीण शोभायची. तिच्या शेजारी बसून आपण तिची सासू दिसलो तर? या विचाराने छत्रीबाईंची झोप उडाली, आणि झोप उडाली म्हणून डोळ्यांखालचे फुगवटे आणखी वाढले.

पार्लरची गोष्ट घरात कोणाला सांगायची सोय नव्हती. नवऱ्याला कळलं असतं तर त्याने जन्मभर चिडवलं असतं. तेव्हा मीठ बंद ते रक्तदाबाच्या नावाखाली, आणि बाकी सगळं गुपचूप.

दुसऱ्या दिवशी खिडकीवर एक गृहस्थ आले. "माझी छत्री राहिलीय बसमध्ये. काळी, लाकडी दांड्याची."

एरवी छत्रीबाईंनी दहा प्रश्न विचारले असते. आज त्या नुसत्या बघत राहिल्या.

"म्हणजे, दांडा प्लास्टिकचाही असेल," गृहस्थ म्हणाले.

छत्रीबाई बघत राहिल्या.

गृहस्थांनी रुमालाने मान पुसली. "खरं सांगू का बाई, माझी छत्री हरवलेलीच नाही. बाहेर पाऊस लागलाय म्हणून म्हटलं, बघावं." आणि ते भिजत निघून गेले.

घरी त्याहून वाईट अवस्था होती. नवरा शिवणयंत्रं दुरुस्त करायचा आणि दिवसभर यंत्रांशी बोलून कंटाळला की संध्याकाळी बायकोला विनोद सांगायचा. अळणी भाजीचा घास घोळवत त्याने एक विनोद सांगितला. बायको भिंत. दुसरा सांगितला. तरी भिंत. नवऱ्याने पंचवीस वर्षांच्या संसारात ओरडणं पचवलं होतं, भांडी आपटणं पचवलं होतं. ही शांतता मात्र त्याला नवीन होती.

"तुला कळलं वाटतं," तो हळूच म्हणाला. "तुझ्या आईने दिलेला गुलाब उन्हाने नाही मेला. माझ्याकडून त्यात तेलाचं पाणी ओतलं गेलं."

छत्रीबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण मस्तकाच्या अलीकडे कपाळ होतं आणि तिथे आठीला बंदी होती.

ती गप्प आहे म्हणजे आणखी काही कळलंय, असं समजून नवऱ्याने पुढची कबुली दिली. मेव्हण्याला परस्पर 'आम्ही गावाला चाललोय' असं सांगून त्यानेच घरी येऊ दिलं नव्हतं. ते ऐकून छत्रीबाईंचे कान लाल झाले. कानांबद्दल पार्लरवाली काही बोलली नव्हती.

आठवड्याच्या मध्यावर लेकीने निवडलेला तो मुलगा येऊन गेला. बिचारा आल्या आल्या हसला. छत्रीबाईंनी भिंतीसारखं "या, बसा" म्हटलं. त्याने पंख्याची तारीफ केली, पडद्यांची केली, मग उगाचच दोनदा माफी मागितली आणि चहाचा कप आपटेल या भीतीने तो हातातच धरून बसला. छत्रीबाईंचा जीव तुटत होता. रविवारपर्यंत कळ काढू, मग या लेकराला पोटभर हसून दाखवू, असं त्या मनाशी म्हणत होत्या.

रविवारी त्या आरशासमोर उभ्या राहिल्या. फुगवटे खरंच उतरले होते. तेवढ्यात लेक दारात आली.

"आई, ते लोक येणार नाहीत. मी त्याला नाही म्हणून कळवलं सकाळीच."

"काय? का?"

"तुला तो आवडत नाही. आठवडाभर तुझं तोंड बघतेय मी. तू एक शब्द बोलली नाहीस, पण मला काय कळत नाही? तुझं मन मोडून मला नाही करायचं लग्न." आणि ती ओढणीने डोळे पुसायला लागली.

छत्रीबाईंनी तिचा हात धरला. "अगं वेडे, मी सुरकुत्या पडू नयेत म्हणून हसत नव्हते गं." एवढं बोलल्या आणि त्यांना जे रडू फुटलं ते आवरेना. आपल्या दोन रेघांपायी पोरीचा संसार उधळायला निघाला होता. लेक रडत होती, आई रडत होती, नवरा दाराशी येऊन "गुलाब नवीन आणतो ना मी" म्हणत होता. आठवडाभर उतरवलेली सूज एकदम चढली आणि डोळ्यांच्या फक्त फटी उरल्या.

दाराची घंटा वाजली. नाकतोंड पुसत छत्रीबाईंनीच दार उघडलं. बाहेर मुलगा, त्याचे वडील आणि ती नाचाची बाई. तिचा चेहरा खरोखरच तुकतुकीत होता.

"नकार द्यायचा तर तोंडावर द्या, कारण सांगा, असं म्हणून आलो," ती म्हणाली. मग तिने छत्रीबाईंचे डोळे नीट पाहिले. "पण अहो, एवढं रडण्यासारखं काय आहे आमच्या मुलात?"

छत्रीबाईंना हसू फुटलं. दाबायला गेल्या तर दुप्पट आलं. सुजलेल्या डोळ्यांतून पाणी, गालांवर क्रीमचे ओघळ, आणि डोळ्यांच्या कडांना पंख्यासारख्या पसरलेल्या सगळ्या रेघा. "नकार कसला," त्या कशाबशा म्हणाल्या. "आत या आधी. सगळं सांगते."

मुलाची आई उंबऱ्यातच थांबली होती. ती एकदा छत्रीबाईंकडे आणि एकदा मागे उभ्या असलेल्या, डोळे पुसता पुसता हसणाऱ्या लेकीकडे बघत होती.

"हिला भेटून आला त्या दिवशी हा सारखं एकच सांगत होता," ती म्हणाली. "ती हसली ना आई, की तिचे डोळे दिसतच नाहीत, नुसत्या रेघा दिसतात, आणि मला दुसरं काही सुचत नाही. तेव्हापासून मी विचार करतेय, असं हसू या मुलीने आणलं कुठून."