शेटे सरांचा एकुलता एक विद्यार्थी

केजच्या स्टँडवर जीपवाला "चला नेकनूर, जागा हाय!" असं ओरडला की शेटे सर थबकलेच. "जागा म्हंजे काय? व्याख्या सांग." मागे माणसं एकमेकांच्या मांडीवर बसलेली. एकदा ड्रायव्हर वैतागून म्हणाला, "सर, तुमी बसल्यावर जी उरत न्हाई, ती जागा!" सर त्या व्याख्येतले दोष काढत उभे राहिले आणि जीप निघून गेली.

ग्रीक तत्त्वज्ञान आणि आधुनिक नीतिशास्त्र शिकवण्यात सरांची हयात गेली. मी त्याच कॉलेजात मराठी शिकवायचो. तेव्हा गल्लोगल्ली कॉम्प्युटरचे क्लास निघाले होते आणि आमच्या संस्थाचालकांचा डोळा सरांच्या खोलीवर होता. "ग्रीक लोक काय नोकरी लावतेत का?" असं ते भर मीटिंगमध्ये म्हणाले. आठवलं की अजून माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. शेवटच्या वर्षाला तत्त्वज्ञान घेतलेला एकच विद्यार्थी उरला होता, विलास. तो पास झाला तर विभाग राहणार, नाहीतर खोलीला कुलूप.

आणि या दिवट्याने नीतिशास्त्राच्याच पेपराला कॉपी केली! पकडली कोणी? शेटे सरांनी! अरे, बाकीच्या वर्गांत खिडक्यांना नातेवाईक लोंबकळत होते, तिकडे कुणी बघेना. सरांनी विलासची चिठ्ठी शांतपणे वाचली, सद्गुणाची चुकलेली व्याख्या लाल पेनाने दुरुस्त केली आणि मग ती वर पाठवली. विलासचं वर्ष गेलं. सरांच्या खोलीत कॉम्प्युटर आले, एसीसकट. सरांना त्या खोलीत कधी पंखा मिळाला नव्हता.

मी तणतणत त्यांच्या घरी गेलो. "अहो, दिसलीच नाही म्हणायचं! सगळे तेच करतात!"

"मंग म्या इतकी वर्षं शिकवलं काय?" सर कडाडले.

मी उत्तर देणार, तोच आत विलास दिसला. सतरंजीवर मांडी घालून, एका हातात पुस्तक, पुढे ताटात भाकरी. सरांनी लग्न केलं नव्हतं. त्या घरात मी दुसरं ताट कधी पाहिलं नव्हतं.

"बाहेरून परीक्षेला बसवतोय त्याला," सर म्हणाले. "रोज येतो. आधी खा रे, मंग वाच!"

माझा राग कुठे ठेवावा ते मला कळेना. सर दारापर्यंत सोडायला आले आणि आवाज उतरवून म्हणाले, "पोरगं हुशार हाय. औंदा नक्की पास व्हतंय."

मग चपलांकडे बघत म्हणाले, "पास झाल्यावर कशाला येईल हो तो?"