नव्वद मिनिटांचा अबोला

"लमजद, त्यांना सांग, ते माझ्या टॉवेलवर बसलेत."

नूरी हे म्हणाला तेव्हा 'ते', म्हणजे मोंजी, त्याच्यापासून हातभर अंतरावर बसून बुटाची नाडी बांधत होता.

"लमजद, त्याला सांग, बाक बसायला असतो. टॉवेल वाळवायला नाही," मोंजी नाडीकडे बघत म्हणाला.

लमजदने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं आणि घसा खाकरला. "सी मोंजी, नूरीभाई म्हणतायत की टॉवेल..."

"ऐकलं मी," मोंजी म्हणाला आणि टॉवेलवरून उठला.

सिलियानाच्या फुटबॉल मैदानावर पंचांची खोली एवढी लहान होती की तिघांना एकमेकांचा श्वास ऐकू यायचा. मोंजी मुख्य पंच, म्हणून लमजद त्याला 'सी', म्हणजे साहेब, म्हणायचा; नूरी आणि लमजद त्याचे साहाय्यक. मोंजीची धाकटी बहीण सालहा नूरीला दिलेली, म्हणजे दोघं मेहुणेही. तीन आठवड्यांपूर्वी एका सामन्यात नूरीने ऑफसाइडचा झेंडा वर केला होता आणि मोंजीने माशी हाकलावी तसा हात हलवून तो खाली घ्यायला लावला होता. गोल दिला. संध्याकाळी कुणाच्या तरी मोबाइलवरच्या व्हिडिओत स्वच्छ दिसलं की नूरी बरोबर होता. शुक्रवारी बहिणीकडच्या जेवणात नूरीने तो मोबाइल कुसकुसच्या परातीला टेकवून मोंजीपुढे उभा केला. मोंजी म्हणाला, "कुसकुस गार होतंय." तेव्हापासून अबोला.

लमजदला या भांडणाशी काही देणंघेणं नव्हतं. तो पोस्टात खिडकीवर बसायचा आणि सहा वर्षं खडी पसरलेल्या गावोगावच्या मैदानांवर पोरासोरांच्या सामन्यांत झेंडा हलवत आला होता. आज त्याच्या परीक्षेचा शेवटचा सामना होता. संघटनेचे निरीक्षक सी शादली वही घेऊन येणार होते. पास झाला तर राष्ट्रीय पंचाचा बिल्ला, नाहीतर पुन्हा खडी. बायकोने गल्लीभर सांगून ठेवलं होतं आणि शर्टावर बिल्ल्यापुरती जागा खडूने आखूनही ठेवली होती. रात्री लमजदचा डोळ्याला डोळा लागला नव्हता.

त्यात संघटनेने या मोसमात कानात घालायची बोलकी यंत्रं दिली होती. एक बोललं की तिघांना ऐकू येतं. लमजदला वाटलं, चला, आता माझी सुटका झाली.

चौथ्याच मिनिटाला नूरीच्या बाजूने चेंडू बाहेर गेला. कानात आवाज आला, "लमजद, पंचसाहेबांना सांग, थ्रो निळ्यांचा."

मोंजीने हे स्वतःच्या कानांनी ऐकलं, आणि मैदानाच्या मधोमध तो आकाशाकडे बघत उभा राहिला. लमजद पलीकडच्या रेषेवर, तिरप्या कोपऱ्यात. त्याला काही कळेना. खेळाडू चेंडू हातात धरून थांबले.

"सी मोंजी, ऐकलंत ना?"

"मला कुणी काही बोललेलं नाही," मोंजी म्हणाला.

"थ्रो निळ्यांचा," लमजद घाईघाईने म्हणाला. मोंजीने लगेच झोकात हात दाखवला.

तिथून हेच सुरू झालं. नूरी ऑफसाइडचा झेंडा वर करायचा, पण लमजदकडे तोंड करून. मोंजी त्या दिशेला बघायचाच नाही; ज्याच्याशी बोलत नाही त्याच्या झेंड्याकडे तरी का बघावं? मग लमजद धापा टाकत सांगायचा, "ऑफसाइड, सी मोंजी, सात नंबर," आणि तेव्हा कुठे शिट्टी वाजायची. लमजदला स्वतःची रेषा सांभाळायची होती, स्वतःचे ऑफसाइड बघायचे होते आणि वर हा पोस्टाचा बटवडा. नोकरीतही त्याने एवढी पत्रं एका दिवसात पोचवली नव्हती.

त्याच्या पाठीमागे यजमानांचे प्रेक्षक सूर्यफुलाच्या बिया फोडत बसले होते. "अरे, बायकोचा फोन नंतर घे," एक म्हातारा ओरडला. "सासूचा दिसतोय," दुसरा म्हणाला, "बघ कसा घामाघूम झालाय."

लमजदने चोरून वर गॅलरीत पाहिलं. सी शादली त्याच्याचकडे बघत होते आणि वहीत काहीतरी लिहीत होते.

त्याने ठरवलं, आपण जरा गोडीगुलाबीने घेऊ. "सी मोंजी, नूरीभाई म्हणतायत, कृपा करून तीन नंबरवर लक्ष ठेवा."

"मी कृपा म्हटलेलं नाही," कानात नूरी म्हणाला.

"त्याला सांग, त्याची कृपा नकोच आहे," मोंजी म्हणाला.

मध्यंतरात लमजदने हात जोडायचेच बाकी ठेवले. "माझी सहा वर्षं आहेत हो यात. फक्त पंचेचाळीस मिनिटं बोला. नंतर हवं तर जन्मभर बोलू नका."

"त्यांनी व्हिडिओ बघितला का, विचार," नूरी चहात फुंकर मारत म्हणाला.

"मी कामाच्या वेळी व्हिडिओ बघत नाही, सांग," मोंजी म्हणाला. मग जरा थांबून म्हणाला, "आणि सांग, कडक उन्हात टोपी न घालता उभा राहतो, सालहा मला बोल लावते."

लमजदने तेही सांगितलं. नूरीने टोपी घातली, पण भिंतीकडे तोंड करून.

उत्तरार्धात पंचाहत्तराव्या मिनिटाला लमजदच्या यंत्राचा माइक घामाने मेला. त्याला ऐकू येत होतं, पण त्याचा शब्द कुणालाच पोचत नव्हता. कानात नूरी म्हणत होता, "लमजद, सांग की. लमजद, झोपलास काय?" आणि लमजद पलीकडून झेंड्याचा दांडा तोंडाकडे नेऊन नकारार्थी मान हलवत होता. वर सी शादलींनी वहीचं पान उलटलं.

निळे एका गोलने पुढे होते आणि दोनच मिनिटं उरली होती. तेवढ्यात लाल यजमानांच्या मुलाने चेंडू असा काही हाणला की तो आडव्या दांड्याला लागून खाली आपटला आणि बाहेर आला. आत पडला की रेषेवर? गोलरक्षकाने चेंडू बाहेर फेकला, मोंजीने शिट्टी वाजवली आणि बावीस खेळाडू त्याच्याभोवती गोळा झाले. बघण्याच्या जागी फक्त नूरी होता. नूरी कोपऱ्यातल्या झेंड्यापाशी पुतळ्यासारखा उभा होता. मोंजी त्याच्याकडे पाठ करून उभा. मैदान पेटायची वेळ आली होती.

लमजदला दुसरा मार्ग दिसेना. त्याने स्वतःची रेषा सोडली आणि या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात धावत सुटला.

"आत होता?" त्याने नूरीला विचारलं.

"नव्हता. सांग त्यांना."

लमजद मोंजीकडे पळाला. "नव्हता."

"खात्री आहे का, विचार."

लमजद परत पळाला. "खात्री?"

"मागच्या वेळेएवढी, म्हणून सांग. शब्दन् शब्द सांग."

लमजद पुन्हा निघाला. सगळ्या मैदानाच्या माना त्याच्याबरोबर इकडून तिकडे फिरत होत्या. मोंजी दहा पावलांवर असताना त्याच्या पोटरीत गोळा आला आणि तो आडवा झाला. सहा वर्षं गेली, एवढंच त्याच्या मनात आलं.

दोघं मेहुणे दोन दिशांनी धावत आले.

"पाय वर धर," मोंजी म्हणाला.

"वर नाही, अंगठा ओढा. तुम्ही टाच धरा."

"धरलीय. हळू ओढ, तुटेल त्याचा पाय."

"तुमच्यापेक्षा जास्त गोळे काढलेत मी."

"बरं बाबा, काढ. चेंडू आत होता?"

"नव्हता. रेषेवर पडला."

"ठीक," मोंजी म्हणाला. त्याने उठून हात आडवे केले. गोल नाही. लालांनी थोडा आरडाओरडा केला, पण नूरी झेंडा घेऊन मोंजीच्या खांद्याला खांदा लावून उभा राहिला तेव्हा त्यांचाही जोर ओसरला.

सामना संपल्यावर सी शादली खोलीत आले. लमजद बाकावर पाय पसरून बसला होता. त्याला त्यांच्याकडे बघायचा धीर होत नव्हता.

"मोंजी, शाब्बास," सी शादली वही उघडत म्हणाले. "प्रत्येक निर्णयाआधी क्षणभर थांबतोस. हल्लीच्या पंचांना एवढा धीर नसतो. आणि नूरी, नव्वद मिनिटांत एकदाही पंचावर ओरडला नाहीस. शेवटचा प्रसंग तर मी इतरांना शिकवताना सांगणार आहे. सहकारी पडलाय, त्याला सांभाळता सांभाळता दोन वाक्यांत निकाल लावलात."

मोंजी आणि नूरी नम्रपणे खाली बघू लागले.

"लमजद, तुझी नजर चांगली आहे," सी शादली म्हणाले, "पण सतत बडबड करतोस. नंतर एकदम गप्प. मग दुसऱ्याच्या निर्णयात स्वतः पळापळ. तुझा संवाद कच्चा आहे. मी तुला नापास करत नाही. फक्त सहा महिने पुढे ढकलतो. आणि हे सहा महिने तुला या दोघांबरोबरच ठेवतो. सहकाऱ्यांचं एकमेकांशी कसं जमतं, ते जवळून शीक."

बाकाच्या दुसऱ्या टोकाला मोंजी हलकेच म्हणाला, "मी टाच धरली म्हणून गोळा सुटला."

"अंगठा ओढल्याने सुटला," नूरी म्हणाला.

"टाच."

"अंगठा."

नूरीने टॉवेल खांद्यावर टाकला आणि भिंतीकडे तोंड वळवलं.

"लमजद," मोंजी म्हणाला, "त्याला सांग..."

लमजद एका पायावर उभा राहिला आणि त्याने सी शादलींचा हात धरला.

"साहेब," तो अगदी कळवळून म्हणाला, "नापासच नाही का करता येणार?"