अर्ध्या अंगाईची बखर

श्री. ऐकणाराचे कान शाबूत असोत, डोळे त्याहून शाबूत असोत. शके अठराशे सत्तेचाळीस, क्रोधननाम संवत्सरी, एका राज्यात भेट जाहली, तिची हकीकत ऐशी जे, राजमाता गोजराबाईसाहेब यांचे पुत्र रतनराव लहानपणी जत्रेत हरवले, आणि गादी रिकामी राहिली, आणि पुष्कळ वर्षांनी दिवाण भिकाजीपंत एका तरुणास घेऊन आले आणि म्हणाले, हेच रतनराव. तरुणाने राजमातेस मिठी मारिली, तरी बाईसाहेब हो म्हणेनात आणि नाहीही म्हणेनात. दिवाणांनी त्या भेटीचा मूकपट उतरवून ठेविला होता. मग त्यांनी ठरविले की तो तंबूत रयतेस दाखवावा, आणि रयत रडली म्हणजे गादी द्यावी.

(येथे सारंगी धरावी. हलकी.)

त्या राज्याचा रिवाज असा की वाजंत्री पडद्याशी बसून वाजवीत, आणि चित्रातल्या प्रत्येक मोठ्या माणसाची धून ठरलेली. राजमाता दिसल्या की सारंगीवर अंगाई, दिवाण दिसले की क्लॅरिनेटवर ठुमकती चाल, आणि शेंबडी पोरेही डोळे मिटून माणूस ओळखीत. वाजंत्र्यांचे मुख्य केरोबुवा. त्यांस हुकूम जाहला की मिठीवर अंगाई लावावी, मिळतील तितक्या सारंग्या बसवाव्या. बुवांस संशय आला की खऱ्या लेकास एवढ्या सारंग्या कशाला? मग त्यांनी चित्र वाद्यांविना लावून पाहिले. तरुण राजमातेच्या खांद्यावर डोके टेकतो, डोळे कोरडे, आणि खांद्यावरून कोपऱ्यात पाहतो. कोपऱ्यात दिवाण उभे. दिवाण मान हलवितात. मग आसवे येतात.

बुवांनी हे राजमातेच्या कानी घातले. दाराबाहेर दिवाणांचा माणूस घुटमळत होता, म्हणून बाईसाहेब हळू बोलिल्या, "बुवा, अंगाई वाजली की मीही रडेन. मी रडले की तो माझा झाला." बुवांनी विचारिले, मग काय लावू? त्या म्हणाल्या, "चित्रात असेल ते लावा."

खेळाचे दिवशी तंबू भरला. दिवाण बुवांवर नजर ठेवून बसले आणि बुवा दिवाणांवर. पडद्यावर राजमाता आल्या आणि अंगाई उठली आणि बायकांचे पदर डोळ्यांस लागले आणि तरुण धावला आणि मिठी पडली, तोच बुवांनी हात वर केला आणि सारंग्या अर्ध्या ओळीत

मग एकटी क्लॅरिनेट. हळूच, ठुमकत. एक बाई शेजारणीस म्हणाली, "अगं, हे तर दिवाणसाहेबांचं. ते कुठायत?" आणि सारा तंबू पडद्यावर दिवाण शोधू लागला, आणि ते सापडले, कोपऱ्यात, मान हलविताना. मागून कोणी हसले. मग कोणासच हसू आवरेना.

दिवाण उठून म्हणाले की हुकूम भेटीच्या धुनेचा होता. केरोबुवा हात जोडून बोलिले, "भेटीचीच लाविली, सरकार. कोणाची कोणाशी, ते चित्रावर सोडले."

दिवाणगिरी गेली. तरुणास शिदोरी देऊन त्याच्या गावी पोचविले. मग बुवांनी राजमातेस विचारिले की राहिलेली अंगाई आता पुरी करू काय.

"नको. खरा आला तर लागेल," बाईसाहेब म्हणाल्या, आणि मग म्हणाल्या, "पण तो आला तरी आता मी आधी मागे वळून कोपऱ्यात पाहीन."

(येथे काही वाजवू नये.)

ऐशी भेट जाहली. गादी रिकामी, अंगाई अर्धी, दोहोंवर पहारा चालू.