लेबलं सरळ आल्याशिवाय

पत्ता सरळ असल्याशिवाय माणूस सापडत नाही, हे कारभाराचं पहिलं तत्त्व. जावकसाहेब या तत्त्वावर चौतीस वर्षं जगले. कचेरीच्या आवक-जावक विभागातून ते निवृत्त झाले तेव्हा हुद्दा सुटला, नाव मात्र चिकटून राहिलं. म्हणूनच बायकोच्या भरतकामाचं पहिलंवहिलं प्रदर्शन ठरलं, तेव्हा चोवीस निमंत्रणं रवाना करण्याचं खातं त्यांनी आपल्याकडे घेतलं. (कोणी दिलं नव्हतं. खाती अशीच वाढतात.)

बाईंनी तीस वर्षं, घरातलं सगळं आवरून उरलेल्या वेळात, टाके घातले होते. वाचनालयाचा हॉल एका रविवारपुरता मिळाला होता आणि त्यांना धास्ती एकाच गोष्टीची होती. कोणी आलंच नाही तर?

"अहो, चोवीसच तर पत्ते आहेत. बसल्या बसल्या लिहून टाकते मी."

"मग घरात प्रिंटर कशाला आणलाय? शोभेला?"

मुद्दा बिनतोड होता. लेबलांचा कागद प्रिंटरमध्ये गेला. पहिली ओळ नेमकी बसली, दुसरी जराशी घसरली आणि सातव्या ओळीत बाईंच्या मावसबहिणीचं नाव एका लेबलावर राहून घर खालच्या लेबलावर गेलं. (नवऱ्याच्या बदल्यांमुळे तिला याची सवय होती.)

साहेब डगमगले नाहीत. त्यांनी नोंदवही उघडली आणि जावयाला फोन लावला.

"बाबा, एकदा बंद करून चालू करून बघा ना."

साहेबांनी ते पाच वेळा केलं. पाचही वेळा प्रिंटर ताजातवाना होऊन तितकंच तिरकं छापू लागला. मग साध्या कागदावर छापायचं, तो कागद लेबलांच्या कागदावर ठेवायचा, दोन्ही खिडकीच्या काचेवर धरायचे आणि पट्टीने मोजायचं, अशी रीतसर पद्धत सुरू झाली. बाराव्या दिवसाअखेरचा अहवाल पुढीलप्रमाणे: वापरलेले कागद एकेचाळीस. पैकी खाली घसरलेले सतरा, डावीकडे कललेले नऊ, आत अडकलेले सहा, उलट्या बाजूला छापलेले पाच, रागाच्या भरात फाडलेले चार. सरळ: निरंक. बाईंच्या एका शाळासोबतिणीचं लेबल सुटून आतल्या रुळाला चिकटलं. ती तेव्हापासून प्रिंटरमध्येच राहते.

रविवारी सकाळी बाई ठेवणीतले कपडे घालून दारात उभ्या राहिल्या.

"येताय ना?"

"तू हो पुढे. मी लेबलं घेऊनच येतो."

प्रदर्शन सुरू झाल्यावर निमंत्रणं पाठवून काय साधणार, हा प्रश्न गैरलागू होता. तारीख उलटलीच, तर दुरुस्तीची चिठ्ठी जोडता येते. ती चिठ्ठी लेबलावर छापता येते.

संध्याकाळी सहा वाजता लेबलं सरळ आली. चोवीसच्या चोवीस, केसाचाही फरक नाही. साहेबांचे डोळे भरून आले. "अगं, बघ तरी!" म्हणून त्यांनी हाक मारली, पण घरात कोणी नव्हतं.

मग ते पाकिटं शोधायला उठले. पाकिटं रद्दीच्या ढिगाखाली असतील असा बारा दिवस त्यांचा समज होता. तिथे ती नव्हती. खाली टपालाच्या पेटीत मात्र एक होतं, गुरुवारचा शिक्का असलेलं, साहेबांच्याच नावाचं. पत्ता बाईंच्या अक्षरात. आतल्या कार्डावर खाली पेनाने लिहिलं होतं: "बाकीची चोवीस मी पहिल्याच दुपारी लिहून टाकली. तुम्ही कागद आल्याशिवाय हलायचे नाहीत, म्हणून हे पंचविसावं. याल ना?"

प्रदर्शनाची वेळ पाचपर्यंत होती.

काय करावं ते न सुचून साहेबांनी पाकीट खिडकीच्या काचेवर धरलं आणि पट्टी लावली. पत्ता उजवीकडे तीन मिलिमीटर चढला होता. त्यांनी तशी नोंद केली.

इथवर वाचलेल्यांना आता एकच गोष्ट जाणून घ्यायची असेल, की शेवटी लेबलं सरळ झाली कशी. सांगतो. छापण्याआधी 'पानात मावेल असं करा' या चौकटीतली खूण काढून टाकायची, बस्स.

प्रदर्शनाला कोणी आलं का, हे विचारणारा अजून एकही भेटलेला नाही.