पंचवीस क्रोनरला एक

माझ्या खिशातून कोणी एक क्रोनर जास्तीचा काढून दाखवावा, असं मी गेल्या जूनपर्यंत चारचौघांत छातीठोकपणे सांगत असे. हल्ली सांगत नाही.

मी नगरपालिकेच्या पाणीखात्यात आहे. हजार लिटर स्वच्छ पाणी आम्ही ज्या भावात लोकांच्या नळाला देतो, त्या भावात आमच्याजवळच्या करमणुकीच्या मोठ्या पार्कात दीड बाटली मिळते. दीड! उरलेली अर्धी बाटली कोणाला विकता, हे विचारायला मी एकदा काउंटरवर गेलो होतो. तेव्हापासून माझी बायको मेरेता माझ्याबरोबर खाण्याच्या रांगेत उभी राहत नाही. आमची मुलगी लिव तीन वर्षांची होती तेव्हा तिथे तळलेल्या बटाट्याचा कागदी पुडा पस्तीस क्रोनरला होता. ती सात वर्षांची झाली तेव्हा पंचावन्न. गेल्या वर्षी एकोणऐंशी, आणि पुडा इतका बारका की तिनं तो संपवून विचारलं, "आता जेवायचं कधी?" चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात ना, त्यातली कोंबडीसुद्धा त्यांनी काढून घेतली आहे.

यंदा लिवचा दहावा वाढदिवस तिथेच करायचा ठरला. मी जाहीर केलं, तिकिटाचे पैसे देईन, पण आत गेल्यावर अन्नपाण्यावर दमडी खर्चणार नाही. घरचं अन्न न्यायला तिथे बंदी नाही. झाडांखाली लाकडी टेबलं आहेत, तिथे आपापले डबे उघडता येतात. एवढी माणुसकी अजून शिल्लक आहे.

आता सासऱ्यांचं सांगायला हवं, कारण सगळं तिथेच अडलं होतं. सासूबाई, म्हणजे कार्ला, जाऊन चौदा महिने झाले होते. तेव्हापासून सासऱ्यांनी, म्हणजे आयविननी, शेगडी पेटवली नव्हती. फ्रिजमधलं थंड पाकीट फोडायचं आणि ओट्यापाशी उभ्याउभ्याच संपवायचं. रविवारी जेवायला बोलावलं की त्यांची पाठ दुखायची. आणि या आयविननी आपणहून फोन केला, की लिवच्या वाढदिवसाला फ्रिकाडेले मी करून आणतो. फोन ठेवल्यावर मेरेता बराच वेळ न्हाणीघरातून बाहेर आली नाही.

डुकराच्या खिम्यात कांदा आणि अंडं घालून लोण्यात परतलेले ते चपटे गोळे म्हणजे कार्लाची खासियत. आयविन त्या शनिवारी पहाटे पाचला उठले, तिच्या हस्ताक्षरातला कागद भिंतीला चिकटवला आणि तिच्याच बिडाच्या तव्यात त्यांनी चाळीस गोळे परतले. गाडीत डबा मांडीवर घेऊन बसले होते. मी नुसतं झाकण उचलून बघतो म्हटलं, तर हातावर चापट बसली.

"बारा वाजता," ते म्हणाले. "सगळे बसल्यावर. आधी मेरेता खाईल आणि खरं काय ते सांगेल. जमलं नसेल तर तो तवा मी कोणाला तरी देऊन टाकतो."

आईच्या हातची चव मेरेताइतकी कोणालाच ठाऊक नव्हती. आणि बारा वाजेपर्यंत तो डबा सांभाळायचं काम माझ्याकडे होतं. तुम्ही हसू नका, अजून वेळ आहे.

वाटेत एका शेताच्या कडेला आम्ही स्ट्रॉबेरीसाठी थांबलो. नेहमीप्रमाणे रस्त्याकडेला एक टेबल, त्यावर टोपल्या, एक छोटा झेंडा आणि फळीवर फोन नंबर. विकणारं कोणी नाही. टोपली उचलायची, त्या नंबरवर फोनवरून पैसे पाठवायचे आणि चालू लागायचं. मी लिवला म्हटलं, बघ, विश्वासावर चालणारा देश आहे हा. पैसे पाठवून आम्ही निघालो.

पार्काचं फाटक उघडताच मी धावत जाऊन तीन वाटा मिळतात तिथलं सावलीतलं टेबल पटकावलं. साडेअकराला तिथे बसायला जागा मिळत नाही, म्हणून माझी योजना अशी होती की ताट आत्ताच मांडून ठेवायचं, म्हणजे टेबल कोणी घेणार नाही. पांढरं कापड अंथरलं. राय नावाच्या धान्याच्या काळ्या पावाचे काप, काकडीचं लोणचं, लाल कोबी, स्ट्रॉबेरी, कागदी थाळ्या. वाढदिवस म्हणजे झेंडे आलेच, तेव्हा टेबलाच्या चारी कडांना लाल-पांढरे कागदी झेंडे लावले. मधोमध गोळ्यांचा डबा. शाळेच्या सहलीत आमचा एक डबा हरवल्यापासून मी प्रत्येक झाकणावर काळ्या शाईत माझा फोन नंबर ठळक लिहितो, तोही लांबून दिसत होता. वर माश्या बसू नयेत म्हणून जाळी.

"हे असं टाकून जायचं?" मेरेतानं विचारलं.

"इथे लोक तान्ही पोरं दुकानाबाहेर गाडीत झोपवून आत कॉफी पितात," मी म्हटलं. "तुझ्या गोळ्यांना कोण हात लावतंय!"

आयविन दोनदा मागे वळून बघत मेरेताबरोबर होड्यांकडे गेले. मी आणि लिव मोठ्या रोलरकोस्टरच्या रांगेत उभे राहिलो. पाटीवर पंचावन्न मिनिटं लिहिलं होतं.

वीस मिनिटं झाली असतील, तेवढ्यात फोन वाजला. हेनिंग नावाच्या कोणीतरी मला पंचवीस क्रोनर पाठवले होते. मी कुठल्याही हेनिंगला ओळखत नाही. चुकून आले असतील म्हणून सोडून दिलं. लगेच पन्नास आले, कोणा गुर्लीकडून, आणि खाली निरोप, 'किती दिवसांनी असं समाधान मिळालं. मनापासून आभार.' लिव माझ्या खांद्याशी डोकं घालून वाचत होती. मी काही बोलायच्या आत तिनं आईला फोन लावला आणि सगळ्या रांगेला ऐकू जाईल असं सांगितलं, की बाबांना एक गुर्ली पैसे पाठवतेय आणि तिला समाधान मिळालंय.

मेरेताचा आवाज फोनमधून गार वाऱ्यासारखा आला. आपण घरी गेल्यावर बोलू, म्हणाली. लग्नाला चौदा वर्षं झाली, हे वाक्य मला चांगलं कळतं.

तोवर आणखी पाच जणांचे पैसे आले. पंचवीस, पंचवीस, पंच्याहत्तर. कोणीतरी माझ्या नावावर काळा पैसा फिरवत आहे, याबद्दल मला शंका राहिली नाही. मी बँकेला फोन लावला. अकरा मिनिटं बासरी ऐकल्यावर एक मुलगी बोलली.

"खात्यातून पैसे जाताहेत का?"

"नाही. येताहेत."

"मग तुमची तक्रार काय आहे?"

मी पोटतिडकीनं समजावत होतो आणि कानाशी फोन टिंगटिंग वाजत होता. ती म्हणाली, अशी तक्रार आधी कधी आलेली नाही, ती वरिष्ठांना विचारून सांगेल. फोन ठेवून मी नवे निरोप उघडले. एकानं लिहिलं होतं, 'शेवटी एकदाची माणसाला परवडेल अशी किंमत! शाब्बास.' त्याच्याखाली दुसरा, 'गोळे छान. मीठ जरा कमी. पाव कोरडा.'

पाव मी कापला होता.

डोक्यात लख्ख उजेड पडला. टेबल, झेंडे, झाकणावरचा नंबर, आणि जवळ कोणी नाही. आमच्या देशातल्या कुठल्याही शहाण्या माणसानं दुसरा काय अर्थ काढला असता? पहिल्या हेनिंगनं पंचवीस हा भाव ठरवला आणि बाकीच्यांनी प्रामाणिकपणे तो पाळला. चोर असते तर मी ओरडलो तरी असतो. ही तर सगळी सज्जन माणसं होती, हेच माझं दुर्दैव.

लिवची पाळी पुढच्याच फेरीत होती. तू बस, आणि उतरल्यावर थेट टेबलाकडे ये, असं सांगून मी दांडीखालून निसटलो आणि पळत सुटलो.

टेबलापासून पार कारंज्यापर्यंत रांग लागली होती. वीसेक माणसं असतील. धक्काबुक्की नाही, आवाज नाही. सायकलवाल्यांचा घट्ट पिवळा सदरा घातलेला एक टकला गृहस्थ टेबलामागे उभा राहून शिस्त लावत होता. त्याला कोणी नेमलं नव्हतं. अशा माणसांना नेमावं लागत नाही. माणशी एकच, असं तो प्रत्येकाला बजावत होता. मी सरळ डब्याकडे हात नेला.

"रांग तिकडे आहे," तो म्हणाला.

"अहो, हे माझं अन्न आहे."

"आम्हा सगळ्यांनाच तसं वाटतंय. मागे उभे राहा."

मागून दोन-तीन जण खाकरले. आमच्याकडे रांगेत घुसणाऱ्यापेक्षा खून करणाऱ्याला जास्त मान मिळतो. मी आणखी एकदा समजावून पाहिलं, तेव्हा एक आजीबाई माझ्याकडे बघून शेजारणीला म्हणाल्या, लोक काय काय युक्त्या काढतात. माझी मान आपोआप खाली गेली आणि मी, काय सांगू, रांगेच्या शेवटी जाऊन उभा राहिलो.

पुढच्या बाई मागे वळून मला सांगत होत्या, की आतल्या सॉसेजचा भाव या वर्षी पंच्याऐंशीवरून पंच्याण्णव केलाय आणि तरीही कोणी ब्र काढत नाही, पण आज कोणीतरी या लोकांना धडा शिकवला. जे दहा वर्षं मी सगळ्यांना पटवत होतो, तेच त्या मला पटवत होत्या. मी हूं हूं करत डब्यातले गोळे मोजत होतो. बावीस. चौदा. नऊ. घड्याळात बाराला दहा कमी होते. आयविनना काय सांगायचं, हे मला सुचत नव्हतं. रडू यायचंच काय ते बाकी होतं.

पुढच्या बाईंना शेवटून दुसरा मिळाला. माझी पाळी आली तेव्हा डब्यात एक गोळा होता.

"शेवटचा," टकला म्हणाला. "पंचवीस."

वाद घालायचं त्राण नव्हतं. मी फोन काढला आणि झाकणावरचा नंबर टाकला. फोननं कळवलं, स्वतःच्याच नंबरवर पैसे पाठवता येत नाहीत. टकल्यानं मान लांब करून ते वाचलं. मग झाकणाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"म्हणजे हे खरंच तुमचं?"

"मघापासून तेच सांगतोय."

"मग तुम्ही रांगेत कशाला उभे राहिलात?"



तेवढ्यात पार्काची हिरव्या कोटातली कर्मचारी बाई आली. कोटावर बिर्गिट असं नाव होतं. परवान्याशिवाय अन्नविक्री चालू असल्याचं काउंटरवाल्यांनी तिला कळवलं होतं. मी शपथेवर सांगितलं की मी काहीही विकत नाही. नेमका त्याच क्षणी खिशात फोन वाजला. पैसे द्यायचे राहून गेलेल्या कोणा भल्या माणसानं ते आता पाठवले होते, आणि सोबत उशीर झाल्याची माफी मागितली होती. बिर्गिट म्हणाली, उरलेला गोळा नमुना म्हणून तपासणीला न्यावा लागेल. तिनं प्लास्टिकची पिशवी उघडली.

बारा वाजले. आयविन बाराला आले. ते कधी उशीर करत नाहीत. सोबत मेरेता होती. रिकाम्या थाळ्या, सांडलेला कोबी, डब्यातला एकुलता एक गोळा आणि त्यावर झुकलेली पिशवी त्यांनी पाहिली. मी अडखळत सगळं सांगितलं. इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती. चौदा महिन्यांनी हा माणूस शेगडीपाशी उभा राहिला, आणि मी त्याचे एकोणचाळीस गोळे परक्यांना विकून बसलो होतो.

त्यांनी बिर्गिटच्या हाताखालून तो गोळा उचलला आणि मेरेताला दिला.

"खा. आणि खरं सांग."

बिर्गिट काहीतरी बोलणार होती, पण पिशवी धरून तशीच उभी राहिली. मेरेतानं अर्धा गोळा तोडून सावकाश खाल्ला.

"मीठ कमी आहे, बाबा."

आयविनचा चेहरा पडला. "किती कमी?"

"आईइतकं."

आयविन बाकावर बसले आणि दोन्ही हातांनी डोळे पुसू लागले. मेरेता त्यांच्या शेजारी टेकली आणि उरलेला अर्धा तिनं त्यांच्या तोंडात घातला. बिर्गिटनं पिशवी घडी करून कोटात ठेवली, आणि पुन्हा असं करू नका, एवढंच म्हणून गेली.

मग लिव आली. एकट्यांसाठीच्या छोट्या रांगेतून ती रोलरकोस्टरमध्ये दुसऱ्यांदा बसून आली होती आणि तिला कडकडून भूक लागली होती. टेबलावर आता फक्त झेंडे उरले होते. पावाचे कोरडे कापसुद्धा लोकांनी नेले होते.

नाइलाज होता. मी सॉसेजच्या रांगेत जाऊन उभा राहिलो. चौघांची सॉसेजं, चार पुडे आणि चार बाटल्या पाणी. पुढे पाहतो तर मघाच्याच बाई. त्यांनी मला ओळखलं आणि विचारलं, मिळाला का हो तुम्हाला शेवटचा?

"नाही," मी म्हटलं. "हुकला."

"अरेरे. पण विकणारा अगदीच भोळा असणार हं. असा माल, आणि पंचवीसला! पन्नास लावले असते तरी आम्ही हसत दिले असते."

मी वर फळ्यावरचे भाव वाचत उभा होतो. आणि लाज वाटते सांगायला, पण त्या क्षणी मला मनापासून वाटलं की पन्नास लावायला हवे होते.