नाखवांचे चार बिल्ले

सहा टायपिस्टांच्या ऑफिससाठी मी सॉफ्टवेअरचा एकच खोका विकत आणला होता. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मला शहाणी समजण्याचा त्रास तुम्हाला होणार नाही. मशीन एक, तर त्यात घालायचं सॉफ्टवेअरही एक. घरात जेवणारी तोंडं सहा असली म्हणून कोणी सहा कुकर आणतं का? असा माझा बिनतोड युक्तिवाद. खोका टेबलावर ठेवला, हळदकुंकू वाहिलं, नारळ वाढवला आणि सगळ्यांच्या देखत आतल्या पाकिटाचं सील टर्रकन फाडलं.

तेवढ्यात नाखवा जिना चढून आले. त्यांनी जमिनीवरचे सीलचे दोन तुकडे उचलले, एकमेकांना जुळवले, चष्मा कपाळावर सरकवला आणि कागद नाकाशी धरला. खोबरं वाटायचं थांबलं.

"वैद्यबाई, कागद वाचलात?"

"कुठला कागद?"

"फाडलात तो. ह्यात लिहिलंय, पाकीट फोडलं म्हणजे आतल्या सगळ्या अटी मान्य."

"मग आहेत की मान्य!"

"कुठल्या?"

मी खोबऱ्याचा तुकडा तोंडात टाकला. दुसरं काय करणार?

अट साधी होती. हे सॉफ्टवेअर एकाच माणसाने, एकाच पडद्यावर वापरायचं. आणि फोडलेलं पाकीट दुकानदार परत घेणार नाही, हेही त्याच कागदावर खाली बारीक अक्षरात होतं.

आमचं ऑफिस ठाण्याला नौपाड्यात, एका दातांच्या दवाखान्याच्या वर. भाषांतर आणि टायपिंगची कामं. खाली ड्रिल, वर टाइपरायटर. खालचा पेशंट नक्की कशाने कण्हतोय ते डॉक्टरांनाही कळत नसावं. नव्वदचं दशक संपत आलं तसे आमचे मालक गुप्तेसाहेब यांनी टाइपरायटर काढायचं ठरवलं आणि एक मोठा कॉम्प्युटर आणला. कोपऱ्यात तो एकटाच बसायचा आणि त्याला सहा पडदे, सहा कीबोर्ड जोडलेले. चार आमच्याकडे, दोन कल्याणच्या शाखेत, टेलिफोनच्या लायनीवरून. कल्याणला आमचे टायपिस्ट पेंडसे अक्षर दाबायचे आणि ते उमटायचं नौपाड्यातल्या मशीनमध्ये. मधे ते ठाकुर्लीला चहा पिऊन येतं, असं आम्ही म्हणायचो.

मोरेश्वर नाखवा आमचे हेडक्लार्क. खाडीकाठच्या कोळीवाड्यातले. खिशाला दोन पेनं, हातात कापडी पिशवी, आणि डोळ्यांना एकच व्यसन: छापलेलं दिसलं की वाचायचं. रिक्षात बसले की भाड्याचा तक्ता वाचायचे. खोकल्याच्या औषधाच्या खोक्यातला तो घडीचा कागद असतो ना, जो आपण थेट केरात टाकतो, तो ते वाचून, पुन्हा त्याच घड्या घालून आत ठेवायचे. माझ्या धाकट्या नणंदेच्या लग्नाला आले, तर मंगलाष्टकं चालू असताना हॉलचे नियम वाचत उभे! वर मला येऊन सांगतात, "वैद्यबाई, अक्षता जपून. पंख्यावर उडवायला मनाई आहे."

आणि दुसरं म्हणजे ते कोणाच्या खुर्चीत बसत नसत. माणूस रजेवर असला तरी नाही. त्याच्या टेबलाशी उभे राहून फाइल बघायचे. "बसा हो नाखवा," म्हटलं की उत्तर ठरलेलं: "रिकामी दिसली म्हणून जागा आपली होत नाही."

हे त्यांच्या घरातून आलेलं. खाडीत जाळं लावायच्या जागा घराघरांच्या ठरलेल्या असतात म्हणे. शेजारच्याची होडी महिनाभर किनाऱ्यावर पडून असली तरी त्याच्या जागेला दुसरा हात लावत नाही. नाखवांच्या वडिलांचीही अशी जागा होती. ती पुढे गेली. कशी गेली ते नाखवांनी कधी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. मी तेव्हा फक्त स्वतःबद्दल बोलत असे.

तर त्या एका खोक्यावरून तीन महिने आमचा जीव नकोसा झाला.

"अहो नाखवा, अख्खं ठाणं कॉपी मारतंय," गुप्तेसाहेब म्हणाले. "आपणच काय हरिश्चंद्राचे अवतार? त्या एका खोक्यावर चालवा सहाही पडदे. मशीन अडवतंय का?"

"नाही अडवत, साहेब. म्हणूनच आपण अडायचं."

साहेबांनी डोकं धरलं. मग सॉफ्टवेअर विकणाऱ्या कंपन्यांचे टाय लावलेले लोक येऊ लागले. दोन जिने चढून घामाघूम. नाखवा त्यांना आधी पाणी द्यायचे, मग प्रश्न.

"आमचा कल्याणचा माणूस फोनवरून ह्या मशीनवर आला, तर तुमच्या मते तो बसलाय कुठे? ठाण्यात का कल्याणात?"

"सर, टेक्निकली बघायला गेलं तर…"

"टेक्निकली नको. लेखी द्या."

एकाने ते लेखी आणायला जातो म्हणून जो जिना उतरला तो पुन्हा दिसलाच नाही. आम्ही आपले टाइपरायटरांवर खडखडत बसलो. नवे पडदे समोर काळेकुट्ट. मी त्यावर फडकं मारायचे आणि त्यात बघून टिकली नीट करायचे. तेवढाच त्यांचा उपयोग.

शेवटी साहेब वैतागले. "बास झालं. नावावर मिळतं ना? माणशी एक, असं घेऊ. पण पाचच घेणार. नाखवा, मी मनात पाच नावं धरलीत, तुम्ही तुमची लिहून आणा. जुळली की ऑर्डर."

टायपिस्ट आम्ही सहा. ज्याचं नाव नाही त्याला पडदा नाही, आणि टाइपरायटर तर मोडीत निघणार. म्हणजे सहाव्याने घरी बसायचं. हे कोणी बोललं नाही, सगळ्यांना समजलं. त्या दिवशी डबे फार हळू संपले.

सहावा कोण, याची मला खात्री होती. पेंडसे! दोन बोटांनी टाइप करायचे बिचारे, तेही प्रत्येक अक्षराला नमस्कार केल्यासारखे. माझा वेग केवढा! चुकाही त्याच वेगात होत, पण वेग तो वेग. खोटं कशाला सांगू, पेंडशांच्या निरोप समारंभाला कुठली साडी नेसायची तेसुद्धा मी ठरवून ठेवलं होतं.

आणि नाखवा काही नावं देईनात. मी रोज त्यांच्या टेबलाशी जाऊन टोचायचे. "द्या ना हो पाच नावं. एकासाठी बाकीच्या पाचांना किती ताटकळत ठेवणार?"

ते माझ्याकडे बघायचे, जरा जास्तच वेळ, आणि म्हणायचे, "कागद वाचून होऊ देत."

त्यानंतर त्यांनी नवंच सुरू केलं. एक वही घेतली आणि दर अर्ध्या तासाला उठून ऑफिसात चक्कर. कोण खरोखर टाइप करतंय, कोण हस्ताक्षर लावत बसलंय, कोण तपासतंय, कोण फोनवर आहे. माझ्या नावापुढे बहुतेक वेळा "बोलत आहेत" असं असायचं. कल्याणला फोन करून पेंडशांनाही विचारायचे, "आत्ता बोटं कुठे आहेत?" पंधरा दिवस हे चाललं. मी घरी जाऊन यांना म्हटलं, "नाखवांना वेड लागलंय." हे म्हणाले, "तुझ्याबरोबर काम करतात ना?"

पंधरा दिवसांनी नाखवा वही घेऊन साहेबांपुढे उभे राहिले. सहा माणसांची बोटं एकाच वेळी कधीच चालत नाहीत. जास्तीत जास्त चार. आणि एका कंपनीच्या माहितीपत्रकात, पानाच्या अगदी तळाशी, तिसरा प्रकार होता: नाव कोणाचंही असो, पडदा कुठलाही असो, एका वेळी ठरलेल्या आकड्याइतकेच लोक. त्यांनी कंपनीला रजिस्टर पत्र पाठवून कल्याणचंसुद्धा लेखी मागवलं होतं. उत्तर आलं होतं: चालेल.

पाचाऐवजी चारच घ्यायचे म्हटल्यावर साहेबांची कळी खुलली. सहाही जण राहिले. पेंडशांसाठी ठरवलेली साडी मी संक्रांतीला नेसले.

पण पाचवा माणूस बसला तर मशीन त्याला अडवणार नव्हतं. म्हणून नाखवांनी मोडीवाल्याकडून चार पितळी बिल्ले आणले, चिंचेने घासले आणि भिंतीवर चार खिळे ठोकून लटकवले. टाइप करायला बसायचं तर बिल्ला घ्यायचा, उठलं की परत खिळ्याला. कल्याणहून फोन आला की एक बिल्ला "कल्याण" लिहिलेल्या डबीत. स्वतः नाखवांनी बिल्ल्याला कधी हात लावला नाही. आपली पत्रं ते एका वाचवलेल्या टाइपरायटरवर बडवायचे.

एकदा मी बिल्ला पर्समध्ये टाकून डोंबिवलीला घरी आले आणि दुसऱ्या दिवशी माझी रजा. दुपारी शेजारच्या लेल्यांकडे माझा फोन.

"वैद्यबाई, बिल्ला तुमच्याकडे आहे. पेंडसे तासभर थांबलेत."

"अहो, मी घरी वाल सोलतेय! बसवा ना त्यांना माझ्या जागी."

"तुम्ही सोडलात का?"

"सोडला."

"पूर्ण म्हणा."

मग लेल्यांच्या अख्ख्या कुटुंबासमोर, हाताला वालाची सालं चिकटलेली असताना, मी फोनमध्ये म्हटलं, "मी, सुमती वैद्य, माझा बिल्ला सोडला." लेले आजी नंतर कितीतरी दिवस माझ्या यांच्याकडे कीव आल्यासारखं बघत होत्या.

पुढे नाखवा निवृत्त झाले. बटाटेवडे, शाल, श्रीफळ. ते गेल्यावर गुप्तेसाहेब कपबशी हातात घेऊन माझ्या शेजारी आले. "आता सांगायला हरकत नाही, वैद्यबाई. माझ्या त्या पाच नावांत तुमचं नव्हतं. त्या खोक्याने माझं डोकं फिरलं होतं. नाखवा नावं देईनात, म्हणून त्यांना मी हे तेव्हाच सांगूनही टाकलं होतं."

पेंडसे होते, मी नव्हते.

दुसऱ्याच दिवशी मी कोळीवाड्यात गेले. नाखवा घरात एकटेच. एकटेच असायचे म्हणे, आई गेल्यापासून. इतकी वर्षं शेजारी बसून मला हेही ठाऊक नव्हतं. ते ओट्याच्या पायरीवर बसून पेपरात आलेली कसली तरी निविदा वाचत होते. ओट्यावर एक लाकडी खुर्ची, तिच्या पाठीवर घडी केलेलं जुनं जाळं. खुर्ची रिकामी होती, म्हणून मी उभीच राहिले. सवय लावली होती ना त्यांनी.

"मला तेव्हा का नाही सांगितलंत?" मी म्हटलं. "मी मूर्ख रोज तुमच्या मागे लागले होते, पाच नावं द्या म्हणून."

नाखवांनी पेपराची घडी घातली. पुन्हा त्याच घड्यांवर, नीट. मग म्हणाले,

"खाडीतली मासळी सरली, भराव पडला, बाबांची जागा गेली. मग मरेपर्यंत ते ह्या खुर्चीत बसून हेच जाळं विणायचे नि उसवायचे. जागा गेलेलं माणूस घरात कसं बसतं ते मी बघितलंय, बाय. तुम्ही उभ्या का? बसा. बाबांचीच आहे. बसा."