कामाशिवाय पाणी न पिणारे व्याही

आमच्या सुनेचे वडील दारात आले की चप्पल काढत न्हाईत. उंबऱ्याच्या बाहेर उभं राहूनच इचारत्यात, "बंद काय हाय?"

कसं हाय न्हाई, बरं हाय का न्हाई. बंद काय हाय. घरात काही बंद असलं तरच माणूस आत येतो. सगळं चालू असलं तर उभ्या उभ्या लेकीचं तोंड बघायचं, कांद्याची पिशवी खाली ठेवायची आन आल्या पावली चाकणची गाडी धरायची. पाणी दिलं तरी घ्यायचं न्हाई. पहिल्या खेपेला मला वाटलं, मानपानावरनं रागावलेत.

भानुदास आण्णा त्यांचं नाव. चाकणला एका कंपनीत वायरमन व्हते, आता रिटायर. बायको कवाच गेली. कांदा मार्केटच्या मागं खोली हाय, तिथं एकटेच असत्यात. सुरेखा एकुलती लेक, ती आमच्या दत्ताला दिली, म्हंजी इकडं चिखलीला. आन लेकीच्या घरचं फुकट खायचं न्हाई, पाण्याचा घोट सुदिक न्हाई, असं त्यांच्या आईनं लहानपणीच त्यांच्या डोक्यात घातलेलं. काम करून खाल्लं तर चालतं. ते जेवण न्हाई, मजुरी. असा त्यांचा कायदा. दत्ताच्या कंपनीला गुरुवारची सुट्टी, म्हणून यायचं ते बी गुरुवारीच. जावई घरात नसताना लेकीकडं जायचं न्हाई, ह्यो दुसरा कायदा.

लग्नाला थोडे दिवस झाले असतील. एका गुरुवारी सकाळी बघते तर सूनबाई स्टुलावर चढून स्वयंपाकघरातला चांगला बल्ब ढिला करतीय. मी म्हणले, का गं, डोकं ठिकाणावर हाय का? तर खाली न बघताच म्हणली, आण्णा यायचे हायत.

मला आधी हसू आलं. मग मी बी लागले की कामाला. मिक्सरचा प्लग उपटून त्याची पिन वाकवून ठेवायची. कवा ट्यूब ढिली करायची. दत्ता पंख्याचं बटण काढून फ्रीजवर ठेवायचा. एकदा तिघांनी एकमेकांना न सांगता आपापलं काम उरकलं. आण्णा आले, एक बटण दाबलं, दुसरं दाबलं, तिसरं दाबलं, काहीच लागंना. हॉलमधी मधोमध उभे राहिले आन म्हणाले, "इनबाई, घरात मारामारी झाली का काय?"

काम करायची बी रीत व्हती त्यांची. टेस्टर शर्टाच्या खिशाला पेनासारखा लावलेला. आधी वस्तूचा वास घ्यायचा, मग हात लावायचा, मग टेस्टर. वास आला न्हाई की म्हणायचे, "जीव हाय." मिक्सरला जीव हाय, इस्तरीला जीव हाय. एकदा मी नुसतं म्हणले, गुडघा लई दुखतोय, तर टेस्टर अर्धा खिशातनं बाहेर आला व्हता. काम झालं की हात धुऊन पानावर बसायचे. वाढलं तेवढं खायचे आन उठायचे.

असं बरं चाललं व्हतं. मग त्यो गुरुवार आला.

सुरेखा एका ट्रान्सपोर्टवाल्याचं काम घरी बसून करती. कुठल्या ट्रकात काय माल गेला ते कंप्युटरवर लिहायचं. तिनं लिहून धाडल्याबिगर गाडी गेटच्या बाहेर पडत न्हाई. त्या दिवशी तिनं सवयीनं बल्ब ढिला करून ठेवलेला. आन कामाला बसली तर कंप्युटरचा पडदा काळा ठिक्कर. त्याला मॉनिटर म्हणत्यात, हे मला त्याच दिवशी कळलं.

तेवढ्यात दारात आण्णा. "बंद काय हाय?"

सुरेखा रडकुंडीला आलेली. म्हणली, आण्णा, पडद्यावर काहीच येईना.

त्या माणसाचं तोंड असं खुललं. इतके दिवस बल्ब आन मिक्सर, आज मोठं काम. चप्पल कवा काढली ते बी कळलं न्हाई. मॉनिटरच्या मागं नाक घालून वास घेतला. जळका वास न्हाई. बोर्डावर टेस्टर लावला, लाईट हाय. खालच्या डब्याला कान लावला, आतला पंखा फिरतोय. मॉनिटरच्या कोपऱ्यात बारकी पिवळी लाईट बी लागलेली. म्हणाले, जीव हाय, तोंड दाखवंना एवढंच.

मग वायरी काढल्या. फुंकल्या. परत लावल्या, स्क्रू आवळले. प्लग ह्या बोर्डातनं त्या बोर्डात नेला. सगळं बंद करून थोडं थांबले, मग म्हणाले, लाव. सुरेखानं बटण दाबलं. आमी चौघं टक लावून बघतोय. त्या काळ्या काचेत आमची चौघांची तोंडं तेवढी दिसली. बॅटरी मारून बघितली. परत काढलं, परत लावलं, परत तोंडं.

पुढं कळलं, डब्याकडनं मॉनिटरकडं जाणारी वायर आतल्या आत तुटलेली. ती टेस्टरला कळत न्हाई. दत्तानं नवी आणली आन लगेच चित्र आलं. पण त्या दिवशी कुणाला ठावं?

तिकडं फोनवर फोन. ट्रक गेटवर उभे. सुरेखा आपली, व्हतंय सर, व्हतंय सर. माझ्या भाकरी करून झालेल्या, गार पडाय लागल्या. आण्णा टेबलाखाली बसलेले, शर्ट घामानं चिकटलेला. मी म्हणले, दोन घास खाऊन घ्या, मग बघा. तर टेबलाखालनंच म्हणाले, काम झाल्याबिगर न्हाई. ह्या घरातलं काम आजवर माझ्या हातनं अडलं न्हाई, आजच कसं अडंल?

दत्ता सकाळपास्नं उपाशी. तिकडं बायको रडतीय. त्याच्या तोंडातनं निघून गेलं, "मामा, राहू द्या आता. ह्यो खरंच बंद पडलाय."

खरंच.

सुरेखा खाली बघाय लागली. आण्णा टेबलाखालनं हळूहळू बाहेर आले, टेस्टर खिशाला लावला, हात पुसले. दत्ताला कळलं आपण काय बोललो ते, पण बोललेलं माघारी कसं घेणार? मला माझ्याच घरात कुठं बघावं कळंना. सोयरा माणूस. आमी त्याला पोरासारखं खेळवलं, असंच त्याला वाटलं असणार. आण्णांनी आणलेली कांद्याची पिशवी तशीच उचलली आन बाहेर जाऊन चप्पल घालाय लागले. आज ह्यो माणूस गेला तर परत ह्या दारात यायचा न्हाई, एवढं मला दिसत व्हतं.

मी मागं गेले. म्हणले, थांबा.

माझे मालक फौंड्रीत व्हते. फौंड्री बंद पडली, मागनं ते बी गेले. दत्ता लहान. मी त्याला घिऊन थोरल्या लेकीकडं भोसरीला राहिले. जावई काही वाईट नव्हता. पण घास गिळताना मला त्याच्याकडं बघवायचं न्हाई. घासलेली भांडी मी परत घासायची. लेक म्हणायची, आई, भांड्याला भोकं पडतील. गेले ते दिवस. कसे गेले ते सांगत बसत न्हाई. आण्णांना बी सगळं सांगितलं न्हाई. एवढंच म्हणले, "मी बी लेकीच्या घरी घासलेली भांडी परत घासून भाकरी खाल्लीय, आण्णा. पोरीनं तुमची चेष्टा केली न्हाई."

आण्णा म्हणाले, "ते मला ठावं हाय. वायरमन हाय मी, इनबाई. बल्ब काय आपला आपण ढिला व्हतो?"

मी म्हणले, मग?

"मग काय. आलो आन काही बंद दिसलं, की कळायचं. लेकीनं सकाळी उठून माझी आठवण काढलीय." मग लई हळू म्हणाले, "पण जावयाला बी ठावं हाय, हे मला ठावं नव्हतं. आता कुठलं तोंड घिऊन त्यांच्यासमोर बसू?"

दत्ता मागं कवा येऊन उभा राहिला, ते आमाला कळलं न्हाई. आमच्यात माफी मागायची पद्धत न्हाई. येत बी न्हाई कुणाला. त्यानं मान खाली घातली आन म्हणला, "मामा, पंख्याचं बटण मी काढत व्हतो. मला ते परत बसवता येत न्हाई."

आण्णा त्याच्याकडं बघत राहिले. दत्तानं त्यांच्या हातातली पिशवी घेतली आन आत निघून गेला. पिशवी आत गेल्यावर आण्णा दारात मोकळ्या हातानं उभे. मग एक चप्पल काढली. मग दुसरी.

मॉनिटर तसाच काळा. एक बी काम झालेलं न्हाई आन आण्णा पानावर बसले. दत्ता शेजारी. सुरेखानं फोन बंद करून ठेवलेला, तिचे डोळे सुजलेले. कुणी कुणाकडं बघंना. आण्णांनी भाकरी मोडली. एक घास खाल्ला. दुसरा खाल्ला. मग खालीच बघत म्हणाले, "जावईबापू, वाईच मीठ द्या."

त्या माणसानं आमच्या घरात कदी काही मागितलं नव्हतं. दत्ता हातातला घास टाकून उठला. मिठाचा डबा कुठं असतो ते त्याला सापडंना, फडताळ हुडकत बसला. सुरेखा भिंतीकडं तोंड करून उभी राहिली.

भाजी मी केलेली. मीठ बरोबर व्हतं.